पान एकशे त्रेचाळीस

मी एक जुने पुस्तक आहे, मित्रांनो. बुद्धिबळाचे. माझ्या मुखपृष्ठावर मधोमध एक चौकोनी खळगा आहे, कारण सात वर्षे माझ्या छातीवर एका टेबलाचा पाय उभा होता. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना सहसा डोळ्यांत पाणी आणतात. माझ्या डोळ्यांत पाणी नाही. मी सूड उगवला आहे, आणि तो कसा उगवला एवढे सांगण्यासाठीच मी आज तोंड उघडले आहे.

माझे लेखक दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत रोगी गाल धरून बसायचे. तिथे डॉक्टरांनी एक पट मांडून ठेवला होता आणि त्यावर रोज एक नवे कोडे लावायचे. कोड्यात गुंतलेला माणूस कण्हायचा थांबतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. त्याच कोड्यांतून पुढे माझा जन्म झाला. लिहिलेले प्रत्येक पान ते आपल्या बहिणीला वाचून दाखवत. तिला घोड्याची चालसुद्धा धड येत नव्हती. जे पान तिला कळायचे नाही ते डॉक्टर फाडून टाकत आणि पुन्हा लिहीत. त्यामुळे माझ्यात छाप पाडण्यासाठी लिहिलेले एकही वाक्य नाही.

मी डावाचा शेवट शिकवते. पटावर दोनचार मोहरी उरतात, हात कापायला लागतो आणि पाठ केलेले सगळे संपलेले असते, तिथून माझे काम सुरू होते. माझ्यात प्रश्न एका पानावर आणि उत्तर पान उलटल्यावर आहे. प्रस्तावनेत डॉक्टरांनी लिहिले आहे, 'आधी तुम्ही चाल सांगा, मग मी सांगतो. तोंड उघडल्याशिवाय दात निघत नाही.'

छापखान्यात मात्र माझ्या नशिबी एक खोट आली. पान एकशे त्रेचाळीसवर एक आकृती आहे. पांढऱ्याकडे राजा, एक उंट आणि पटाच्या अगदी कडेचे एक प्यादे. काळ्याकडे नुसता राजा. आता उंटाचे एक असते. तो तिरका चालतो, म्हणून ज्या रंगाच्या घरात उभा आहे त्याच रंगाच्या घरांतून तो जन्मभर फिरतो. माझ्या आकृतीतला उंट पांढऱ्या घरात हवा होता. छपाईचे खिळे जुळवणाऱ्याच्या हातून तो एका घराने सरकला आणि काळ्या घरात जाऊन बसला. उंट पांढऱ्या घरात असला तर तो डाव बरोबरीत सुटतो. काळ्या घरात असला तर पांढरा जिंकतो. मजकुरात बरोबरी लिहिलेली आणि चित्रात विजय, असे माझे दोन तोंडांचे पान तयार झाले.

डॉक्टरांना हे कळले तेव्हा सगळ्या प्रती बांधून झाल्या होत्या. त्यांनी दोन बोटे रुंदीचे शुद्धिपत्र छापून घेतले आणि एकेका प्रतीच्या शेवटच्या पानावर आपल्या हाताने डिंक लावून चिकटवले. तीच चिठ्ठी माझी अब्रू होती, मित्रांनो. हे लक्षात ठेवा.

मी एका बुद्धिबळ मंडळात आले. टपाल कचेरीच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, अकरा टेबले, खिडकीखाली पुस्तकांचे कपाट. या मंडळाची एक पद्धत होती. शिकणाऱ्यांचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून प्रत्येक नव्या पुस्तकाची परीक्षा व्हायची आणि पहिल्या पानावर शिक्का बसायचा. शिक्के तीन होते : अवश्य, चालेल, नको. परीक्षा घेणारे गृहस्थ मंडळाचे अजिंक्यवीर होते. शेरे मारून मारून त्यांचे नावच शेरेसाहेब पडले होते.

शेरेसाहेबांची परीक्षा मी डोळ्यांनी पाहिली, कारण ती माझ्यावरच झाली. पुस्तक ते आधी तळहातावर तोलत. जड लागले तर भुवया वर जात. मग डोळे मिटून मध्येच एक पान उघडत, तिथली आकृती पटावर मांडत आणि लेखकाचे म्हणणे पाच मिनिटांत तपासत. शितावरून भाताची परीक्षा करतात हे मला मान्य आहे. पण हाती आलेले शीतच नेमके कच्चे राहिलेले असेल तर काय करायचे? माझ्या तीनशे दहा पानांतून त्यांच्या अंगठ्याने एकशे त्रेचाळीस उघडले.

आकृतीच्या वर प्रश्न होता, 'बरोबरी कशी साधाल?' त्यांनी आकृती मांडली, चार चाली केल्या आणि खो खो हसले.

"लेखक म्हणतो, बरोबरी. अहो, हे तर माझ्या सासूबाईसुद्धा जिंकतील." ते चिटणीसकाकांना म्हणाले. चिटणीसकाका मंडळाची वही सांभाळायचे आणि कुणाच्या हसण्यात हसायचे राहिले तर वाईट दिसेल, असे त्यांना वाटायचे. तेही हसले.

आकृतीच्या खाली मदतीसाठी दिलेल्या सहा ओळी शेरेसाहेबांनी वाचल्या नाहीत. शेवटचे पान उघडले ते निव्वळ पाने मोजायला. तिथे माझी चिठ्ठी त्यांच्या बोटाला लागली. तीही त्यांनी वाचली नाही. नखाने सोलून काढली आणि आपल्या आवडत्या पुस्तकात खूण म्हणून घालून ठेवली. ते पुस्तक म्हणजे सुरुवातीच्या चालींचा एक नऊशे पानी ठोकळा होता. त्याच्यावर शिक्का होता 'अवश्य', आणि खाली शेरेसाहेबांचा शेरा : 'हे आले म्हणजे सगळे आले.' माझ्या कपाळी लाल शाईत 'नको' उमटले. मी आयुष्यात पुष्कळ बोटे सहन केली आहेत, पण ते नख मी विसरले नाही.

नको असलेल्या पुस्तकांचा मंडळात एकच उपयोग होता. पहिल्या क्रमांकाचे टेबल एका पायाने लंगडे होते. मला त्या पायाखाली सरकवण्यात आले. आणि पहिले टेबल कुणाचे, तर अजिंक्यवीराचे.

सात वर्षे, मित्रांनो. मी त्यांचा भार वाहिला. ते जिंकले की टाच आपटायचे आणि ती टाच माझ्या पुठ्ठ्यापासून चार बोटांवर पडायची. नवीन कुणी आले की माझी गोष्ट सांगायची त्यांना सवयच लागली. "खाली बघा, ते पुस्तक. त्याच्या लेखकाला कडेचं प्यादं जिंकता येत नव्हतं." मग हशा. कसर लागली तेव्हा मला बरेच वाटले. तिने माझी अनुक्रमणिका खाल्ली, पण निदान पहिल्या पानापासून सुरुवात तरी केली.

टेबलाखालून मला एक गोष्ट मात्र कळली. शेरेसाहेबांचे डाव कधी लांबायचेच नाहीत. पहिल्या पंधरा चाली ते पाठ म्हणावे तशा धडाधड खेळायचे. समोरचा तेवढ्यातच गांगरायचा आणि हार मानायचा. डावाचा शेवट म्हणजे काय हे त्या माणसाने फारसे पाहिलेच नव्हते. मी हे मनात नोंदवून ठेवले आणि वाट पाहिली. पुस्तकाला वाट पाहण्यावाचून दुसरे काही येत नाही, पण ते मात्र फार चांगले येते.

मंडळाची घड्याळे दुरुस्त करायला एक बाई यायच्या. त्यांचे खाली रस्त्यावर घड्याळांचे दुकान होते. सगळे त्यांना घड्याळताई म्हणत. त्या मंडळाच्या सभासदही होत्या. अकराव्या टेबलावर बसायच्या आणि बहुतेक वेळा हरायच्या. एका दुपारी त्यांना पहिल्या टेबलावरचे घड्याळ पाहायला बोलावले, कारण ते सारखे थांबत होते. ताईंनी ते कानाशी धरले, टेबलावर ठेवले, पुन्हा कानाशी धरले.

"घड्याळाला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "टेबल कलतंय. खालचं काहीतरी दबलंय."

त्या खाली वाकल्या आणि मला ओढून काढले. पदराने माझ्यावरची धूळ पुसली. तिथेच फरशीवर बसून त्यांनी माझे पहिले पान उघडले, मग दुसरे, मग तिसरे. तिसऱ्या पानावर पहिला प्रश्न आहे. त्यांनी बोटाने हवेत एक चाल केली, पान उलटले आणि स्वतःशीच हसल्या. सात वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी उत्तर दिले होते.

"ते 'नको' आहे, ताई," शेरेसाहेब वरून म्हणाले. "तुम्हाला मी ठोकळा सांगितलाय ना?"

"दोन वर्षं तेच पाठ करतेय, साहेब. चौथ्या चालीला समोरचा भलतंच काहीतरी खेळतो आणि मी उघडी पडते."

"मग पाठांतर कमी पडतंय."

"निवड चुकली असेल तर?"

निवड म्हणजे शेरेसाहेबांची निवड. चिटणीसकाकांनी घसा खाकरला आणि सांगितले की तसेही काही प्रश्न नाही, चार महिन्यांनी वार्षिक स्पर्धा झाली की 'नको' शिक्क्याची सगळी पुस्तके रद्दीत द्यायचे ठरले आहे. तोवर ताईंनी हे खुशाल वाचावे.

"वाचा की," शेरेसाहेब म्हणाले. "आणि हे वाचून स्पर्धेत माझ्याशी नुसती बरोबरी केलीत, तरी मी शेरा बदलेन. माझ्या हातानं. काका, लिहून ठेवा वहीत."

"आणि नाही जमलं तर?" ताईंनी विचारले.

"तर रद्दीच्या पोत्यात ते तुम्ही टाकायचं. सगळ्यांसमोर."

काकांनी वहीत लिहून घेतले. ताईंनी पिशवीतून लाकडाची एक चपटी पाचर काढली, टेबलाच्या पायाखाली ठोकली आणि मला पिशवीत घातले. माझा जीव चार महिन्यांवर आला होता. पण खरे सांगते, भीतीपेक्षा मला दुसरेच काहीतरी वाटत होते. माझे दात शिवशिवत होते.

ताईंच्या दुकानात मला कामाच्या टेबलावर जागा मिळाली, भिंगाच्या आणि चिमट्यांच्या शेजारी. गिऱ्हाईक नसले की त्या पट मांडायच्या. समोर त्यांच्या सासूबाई बसायच्या. सासूबाईंना कोपऱ्यातली खुर्ची आणि काळी मोहरी लागत. दुसरे काही चालत नसे. रोज दोन पाने, एकही न गाळता. एखादे पान अडले तर पुढे जायचे नाही, असा सासूबाईंचा नियम होता. "हा डॉक्टर बरा समजावतो," त्या म्हणायच्या. "तो तुझा जाडजूड मेला नुसता बजावतो."

अडीच महिन्यांनी एकशे त्रेचाळिसावे पान उघडले. आकृती मांडली, डाव खेळला, पांढरा जिंकला. पुन्हा मांडली, पुन्हा पांढराच जिंकला.

"डॉक्टर चुकला गं," सासूबाई म्हणाल्या.

आता ताईही मला मिटणार, असे मला वाटले. ताईंनी मिटले नाही. त्यांनी खालच्या सहा ओळी वाचल्या, बोट ठेवून, दोनदा.

"आई, इथं लिहिलंय की प्याद्याला वजीर व्हायला कोपऱ्यातल्या काळ्या घरात पोचायचंय, आणि पांढऱ्या घरांतला उंट त्या घराचं काहीच वाकडं करू शकत नाही. आणि चित्रात उंट काळ्या घरात उभा आहे."

"मग खरं कुठलं धरायचं?"

"दुकानात घड्याळ आलं, टोले बरोबर पाच पडतायत आणि काटा चारवर आहे, तर आपण काय करतो?"

"काटा सरकवतो."

"घड्याळ फेकतो का?"

"फेकायला मी काय शेरेसाहेब आहे?"

ताईंनी पेन्सिलीने उंट एका घराने सरकवला. मग दोघींनी तो डाव वीस वेळा खेळला आणि वीसही वेळा तो बरोबरीत सुटला. सासूबाईंचा राजा कोपऱ्यात जाऊन बसे आणि काही केल्या उठत नसे. "हे आपल्या घरातल्यासारखंच आहे," त्या म्हणाल्या. "मी माझ्या खुर्चीत बसले की मला कोण उठवतं?" माझ्या लेखकांनी ज्या बहिणीसाठी मला लिहिले, ती मला त्या दिवशी समोर बसलेली वाटली.

स्पर्धेची शेवटची फेरी रविवारी दुपारी होती. पहिले टेबल : शेरेसाहेब आणि घड्याळताई. मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले होते आणि माझ्याखाली, तोंड उघडून, रद्दीचे पोते. पोत्यात माझ्यासारखी नऊ पुस्तके आधीच पडली होती. सासूबाई भिंतीकडच्या खुर्चीत येऊन बसल्या होत्या.

शेरेसाहेबांनी पांढरी मोहरी घेऊन पंधरा चाली धडाधड केल्या. ताई साध्यासुध्या चाली करत राहिल्या. त्यांचे एक प्यादे गेले, मग दुसरे गेले, पण त्या गांगरल्या नाहीत. मोहरी एकेक करून कमी होत गेली. शेरेसाहेब दोनदा घड्याळाकडे बघून झाले. इतका वेळ त्यांच्यासमोर कुणी टिकत नसे. शेवटी त्यांच्याकडे उंट, मधले एक प्यादे आणि कडेचे एक प्यादे उरले. ताईंकडे फक्त घोडा. ताईंनी घोडा मधल्या प्याद्यावर रोखला.

ते प्यादे एक घर पुढे सरकवले असते तर शेरेसाहेब जिंकले असते. मला ते दिसत होते, कारण ते माझ्या पान एकशे साठवर आहे. त्यांनी हात उचलला. मग त्यांची नजर कट्ट्यावर, माझ्याकडे आली आणि त्यांच्या ओठांवर ते जुने हसू उमटले. कडेचे प्यादे आणि उंट. ते तर सासूबाईसुद्धा जिंकतात. सात वर्षे माझ्यावर हसून हसून ते वाक्य त्यांच्या हाडांत मुरले होते. त्यांनी मधले प्यादे सोडून दिले आणि कडेचे पुढे ढकलले.

ताईंनी घोड्याने मधले प्यादे मारले. उंटाने घोडा मारला. बघणारे चुकचुकले. ताईंनी आपला राजा उचलला आणि कोपऱ्यातल्या काळ्या घरात नेऊन ठेवला. शेरेसाहेबांचा उंट पांढऱ्या घरांचा होता.

"बसू दे आता त्याला तिथंच," सासूबाई भिंतीकडून हळूच म्हणाल्या.

पुढच्या अर्ध्या तासाएवढे सुख मला कधी मिळाले नाही. राजा कोपऱ्यात. राजा शेजारच्या घरात. राजा पुन्हा कोपऱ्यात. शेरेसाहेबांनी उंट डावीकडून आणला, उजवीकडून आणला, लांबून फिरवून आणला. तो त्या काळ्या घराच्या शेजारून पुनःपुन्हा जात राहिला आणि त्याला तिथे पाय टाकता आला नाही. इतर टेबले उठली आणि सगळे पहिल्या टेबलाभोवती जमले. शेरेसाहेबांचे कान लाल झाले, मग मान लाल झाली. त्यांना पटकन हरवले असते तर मला एवढी मजा आली नसती. शेवटी त्यांनी चिडून प्यादे पुढे रेटले. ताईंच्या राजाला शह नव्हता आणि हलायला घरही उरले नव्हते. कोंडी झाली. डाव बरोबरीत सुटला.

"हे असं होऊच शकत नाही," शेरेसाहेब म्हणाले. "मी ते पान स्वतः मांडून बघितलंय. पांढरा जिंकतो."

ताईंनी मला उघडून पान दाखवले. पेन्सिलीने सरकवलेला उंट पाहिला मात्र, ते उसळले. "ही तुमची करामत आहे. आकृती तुम्ही बदललीत. काका, मंडळाच्या पुस्तकात खाडाखोड केलीय यांनी. हा शेरा मी बदलणार नाही."

ताईंजवळ पुरावा नव्हता. काकांचे डोळे पोत्याकडे गेले.

"थांबा, खरं पुस्तक काय म्हणतं तेच दाखवतो," असे म्हणत शेरेसाहेबांनी आपला ठोकळा ओढला आणि तावातावाने उघडला. तो जिथे नेहमी उघडतो तिथेच उघडला. त्यातून दोन बोटे रुंदीची एक पिवळी पडलेली चिठ्ठी निसटली आणि पटावर, कोपऱ्यातल्या राजापाशी पडली.

काकांनी ती उचलली. त्यांना प्रत्येक कागद मोठ्याने वाचायची सवय होती.

"शुद्धिपत्र. पान एकशे त्रेचाळीस. आकृतीतील उंट चुकून काळ्या घरात छापला गेला आहे. तो शेजारच्या पांढऱ्या घरात आहे असे समजावे. वाचकांना झालेल्या त्रासाबद्दल लेखक दिलगीर आहे." त्यांनी चिठ्ठी माझ्या शेवटच्या पानावर धरली. वाळलेल्या डिंकाच्या डागावर ती बरोबर बसली.

तेवढ्यावर मी समाधान मानले असते. पण काकांनी सहज ठोकळ्यात डोकावले. "साहेब," ते म्हणाले, "ही खूण छत्तिसाव्या पानावर होती."

सात वर्षे आणि छत्तीस पाने. नऊशे पानांपैकी. हे आले म्हणजे सगळे आले. या वेळी काका आधी हसले आणि मग बाकीचे.

शेरेसाहेबांनी लेखणी मागितली. माझ्या पहिल्या पानावरचे 'नको' त्यांनी खोडले आणि वर 'अवश्य' लिहिले. शाई थोडी फुटली, पण मी तो डाग जपून ठेवला आहे. काकांनी पोते उलटे केले आणि नऊही पुस्तके कपाटात परत गेली. आता त्यांना कुणीतरी पहिल्या पानापासून वाचणार, मग शिक्का बसणार, असे वहीत लिहिले गेले.

माझी मात्र एक इच्छा अपुरी राहिली. तो ठोकळा पहिल्या टेबलाच्या पायाखाली जावा, असे मला मनापासून वाटत होते. काकांनी ते सुचवलेही. "पायाखाली पाचर आहे ना?" ताई म्हणाल्या. "मग पुस्तक कशाला? त्या बिचाऱ्याचं पण छत्तीसच्या पुढे कुणी ऐकलेलं नाही." त्यांनी ठोकळा पुसून कपाटात ठेवला, माझ्या शेजारी. ताई माझ्यापेक्षा चांगल्या आहेत. मी तेवढे चांगले नाही.

मित्रांनो, तुम्हाला पुस्तके निवडावी लागतील, त्यांना बरेवाईट म्हणावे लागेल. खुशाल म्हणा. पण आधी पहिले पान वाचा, चित्राखालच्या सहा ओळी वाचा, आणि शेवटच्या पानावर काही चिकटवलेले असेल तर ते सोलण्याआधी वाचा. नाहीतर पुस्तकाला हात नसले तरी स्मरणशक्ती असते.

महिन्याभराने शेरेसाहेब मला मागायला आले. माझ्यासाठी तेरा जण रांगेत होते. काकांनी त्यांचे नाव चौदावे लिहिले. त्यांची पाळी आली आणि आता मी शेरेसाहेबांच्या घरी आहे. पहिल्या पानापासून वाचतात. उत्तर लगेच हवे असते, अंगठा पानाच्या कडेला शिवशिवतो. मग ते हात मागे घेतात आणि पटाकडे बघत बसतात. काल रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी खूण सदतिसाव्या पानावर ठेवली. क्षमा मी अजून केलेली नाही. शेवटच्या पानापर्यंत पोचू देत, मग बघू.